पुलाच्या अलीकडचे तिघे

काका, गाडीत हसले ती मीच.

तुम्ही तुमच्या भावाच्या, वसंतकाकांच्या मांडीवर होतात, मडक्यात, तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं. त्यांचा मुलगा गाडी चालवत होता. मागे काकू आणि मी. काकूंनी माझा हात धरून ठेवला होता. अशोकस्तंभाकडून गाडी वळली, रामवाडीचा पूल आला, चाकं पुलाच्या सांध्यावरून धडधडली आणि माझ्या तोंडातून हसू बाहेर पडलं. गालातल्या गालात नाही, चांगलं मोठ्याने. ज्या मुलीला वर्गात हजेरीला आवाज फुटत नसे, तिचा आवाज त्या छोट्या गाडीत काचांवर आपटून परत आला.

मुलाने आरशातून पाहिलं. वसंतकाकांनी मान वळवली, पण पूर्ण वळवली नाही. काकूंनी माझा हात सोडला. झिडकारला नाही. फक्त पदर सारखा करायला म्हणून काढून घेतला आणि पुन्हा दिला नाही.

रामकुंडावर मी पायरीशी सगळ्यांच्या चपला सांभाळत उभी राहिले. कुणी सांगितलं नव्हतं. दुसरं करण्यासारखं काही सुचलं नाही. गुरुजी वसंतकाकांना काय म्हणायचं ते सांगत होते, आणि ते तुमचं नाव घेताना दर वेळी अडखळत होते. इतक्या वर्षांत ते नाव त्यांच्या तोंडी आलं नसेल. मी तुम्हाला पाण्यात जाताना पाहिलं नाही. मी काकूंच्या चपलेचा तुटत आलेला अंगठा बघत होते.

घरी पोचायच्या आत बातमी बिल्डिंगमध्ये पोचली होती. जिन्यात तळमजल्यावरच्या सुलभाताई कुणाला तरी सांगत होत्या, मला ऐकू जाईल इतक्या हळू: "कॉन्व्हेंटच्या मुली. कुठे रडायचं, कुठे हसायचं, हे नसेल शिकवत तिथे."  आई रात्री पोळी वाढताना एवढंच म्हणाली, की जा, खाली जाऊन पाया पड त्यांच्या, माझी मान वर होत नाही. मी गेले नाही. तुमचे दिवस सुरू होते, खाली माणसं येत-जात होती, आणि मी जिन्यात न थांबता, तुमच्या दारावरून तोंड फिरवून, ऑफिसला पळत होते. मनात वाक्यं जुळवायचे. ती सगळी इंग्रजीत जुळायची. इंग्रजीत माफी मागणं फार सोपं असतं, हे तुम्हीच म्हणायचात. "सॉरी घरी ठेवून ये आणि मग कागदाला हात लाव."

मी का हसले, हे जगात दोन माणसांना कळलं असतं. त्यातले एक तुम्ही.

आठवतं का, मी पहिल्यांदा तुमच्याकडे आले ती साखर मागायला. सात-आठ वर्षांची असेन. गॅलरीत तुम्ही मांडी घालून बसला होतात आणि देवघरातल्या सहाणेवर काळं काहीतरी उगाळत होतात. मी तिथेच उभी राहिले. चंदन पांढरं असतं एवढं मला माहीत होतं. आतून काकू म्हणाल्या, "बघ बाई, देवाच्या सहाणेवर काजळ उगाळतात. मला वर गेल्यावर जाब विचारणार आहेत." जपानहून आणलेला शाई उगाळायचा दगड फुटला म्हणून तुम्ही सहाण उचलली होती, हे नंतर कळलं. कंपनीने मशीन शिकायला तुम्हाला तिकडे पाठवलं होतं, तिथल्या घरमालकीणबाईंनी संध्याकाळी हातात कुंचला दिला होता, हेही नंतर. सातपूरच्या कारखान्यात दिवसभर लोखंड मिलिमीटरच्या हिशेबात कापणारा माणूस रविवारी छापखान्यातून आणलेल्या, कागदाच्या रिळाच्या उरलेल्या तुकड्यांवर एका फटकाऱ्यात डोंगर काढायचा आणि म्हणायचा, "चुकला तर चुकला. खोडायचं नाही. इथे रबर चालत नाही, इंग्लंडच्या राणी."

मी इंग्लंडची राणी, कारण मी 'हो'ऐवजी 'येस' म्हणायचे आणि त्याच्यापुढे काही म्हणायचे नाही.

तुमच्या त्या माणसांमुळे मी येत राहिले. खांद्यावर तीन पायांचा बेडूक घेतलेला फाटका माणूस. मोठ्या माशावर बसून निवांत पोथी वाचत नदीतून वर येणारा. दुधी भोपळ्यातून घोडा काढणारा. डोंगरात राहायचे, ढग खाऊन जगायचे, मरायचे नाहीत. चीनमधल्या गोष्टी, जपानी लोकांनी शाईत काढलेल्या, आणि तुम्ही नाशिकच्या गॅलरीत तिसऱ्यांदा काढत होतात. तुम्ही त्यांना सेन्निन म्हणायचात. काकूंना ते त्र्यंबकच्या डोंगरातल्या नाथांसारखेच वाटायचे. "त्यांच्यातही असतात वाटतं," म्हणायच्या, आणि त्यातल्या एकाला, त्या लंगड्याला, त्यांनी एकदा उदबत्ती ओवाळली होती. तुम्ही अडवलं नाहीत.

तो लंगडा मला आता बघवत नाही. तोंडातून फुंकर सोडून आत्मा बाहेर पाठवणारा. शिष्याला सांगून गेला, शरीर सांभाळ, मी येतो. शिष्याची आई आजारी पडली, त्याला घरी जायची घाई झाली, त्याने देह जाळून टाकला. गुरू परत आला तर राहायला जागा नाही. मग रस्त्यात मरून पडलेल्या लंगड्या भिकाऱ्याच्या देहात शिरला. तुम्हाला घेऊन गेले त्या सकाळी दारात कुणीतरी म्हणत होतं, चला, ऊन व्हायच्या आत आटपू. आणि मी, पंचविशीला आलेली, नोकरी करणारी बाई, भिंतीला टेकून मनात म्हणत होते की थांबा ना, आले परत तर? हेही मी कुणाला सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं आहे का हे.

पण तुमचं खरं चित्र ते नव्हतं. तुमचं खरं चित्र तिघांचं होतं.

गोष्ट तुम्ही मला इतक्या वेळा सांगितलीत की शेवटी मीच तुम्हाला अडवून पुढचं सांगायचे. डोंगरावर एक भिक्खू राहायचा. त्याने व्रत घेतलं होतं की मठाखालचा ओढा ओलांडायचा नाही. पाहुणे आले की तो पुलापर्यंत पोचवायला यायचा आणि तिथून परत. एकदा दोन मित्र आले. एक ताओपंथी साधू, एक कवी. तिघांची मतं तीन दिशांना. निघताना बोलणं इतकं रंगलं की चालता चालता पूल मागे गेला, कुणाच्या लक्षात आलं नाही. मग जंगलात वाघाने डरकाळी फोडली. तिघांनी वळून पाहिलं, पूल पाठीमागे. आणि तिघे हसत सुटले.

मला ते हसणं पटायचं नाही. शाळेत आम्हाला प्रत्येक गोष्टीखाली तात्पर्य लिहायला लावायचे. मी म्हणायचे, व्रत मोडलं तर वाईट वाटायला हवं. किंवा मग व्रतच खुळचट होतं, असं तरी म्हणा. तुम्ही मान हलवायचात.

"व्रत खोटं नव्हतं गं. गप्पाही खऱ्या होत्या."

"मग हसले कशाला?"

"तू असतीस तर काय केलं असतंस?"

"सॉरी म्हटलं असतं."

"वाघाला?" तुम्ही विचारलंत, आणि काकूंना आतून बोलावून हे परत सांगितलंत, आणि मी कान लाल होईपर्यंत कागदात बघत बसले.

तुमच्या व्रताबद्दल मला तुम्ही कधी सांगितलं नाहीत. काकूंनी सांगितलं, वाटाणे सोलताना, तुम्ही कामावर असताना. तुम्ही जपानात होतात तेव्हा पंचवटीत तुमची आई गेली. वसंतकाकांनी तुम्हाला कळवलं नाही. तुम्ही आईचे पाय शेकायला विजेची पिशवी घेऊन विमानतळावरून थेट त्यांच्या दारात गेलात, आणि भिंतीवर हार घातलेला फोटो होता. तुम्ही पाणीही न घेता परत फिरलात. त्यानंतर नदी ओलांडली नाहीत. सिंहस्थात अख्खं जग रामकुंडावर उतरलं, आणि तुम्ही गॅलरीतून वर घिरट्या घालणारं हेलिकॉप्टर पाहिलंत. संध्याकाळी फिरायला म्हणून घाटाच्या बाजूने जायचात, पुलाच्या अलीकडच्या टोकाला कठड्यावर हात ठेवून उभे राहायचात आणि परत यायचात. पिशवी माळ्यावर होती. खोकं उघडलेलं नव्हतं.

एकदा मी बरोबर होते. बारावीचं वर्ष. त्या दिवशी काय झालं होतं मला, माहीत नाही. मी बोलत होते. सिन्नरला मामाकडे सगळे जेवायला बसले की मी ताटातच का बघते, ते सांगत होते; मी काही म्हटलं की मामेभाऊ तेच वाक्य माझ्याच चालीत परत म्हणून दाखवतात आणि मामी म्हणते, असू दे रे, पाहुणी आहे. म्हणून मी बोलायच्या आधी वाक्य मनात दोनदा म्हणून बघते, आणि तोवर विषय बदललेला असतो. शाळेतही तेच, फक्त भाषा उलटी. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तुम्ही मधूनमधून "मग?" म्हणत होतात. नुसतं मग. मी सांगत सुटले. एक सायकलवाला घंटी वाजवत अंगावरून गेला म्हणून आपण बाजूला झालो, तुम्ही कठडा धरलात, आणि खाली पाणी होतं.

पुलाच्या मध्यावर होतो आपण.

तुम्ही पाण्याकडे पाहिलंत, मग समोर पंचवटीच्या देवळांकडे. मला गोष्ट आठवली. हसू गळ्यापर्यंत आलं. मी तुमच्या तोंडाकडे पाहिलं आणि ते गिळलं. तुम्ही हसत नव्हतात. "परत फिरू, केतू, भूक लागली," म्हणालात आणि माझ्या पुढे, भराभर चालत सुटलात. तुमचे कान मला मागून दिसत होते. माझे होतात तसेच लाल झालेले.

आपण त्यावर कधी बोललो नाही. तुम्ही मला पुन्हा कधी फिरायला नेलं नाहीत, आणि मी विचारलं नाही. मला वाटत राहिलं, मी बोलले म्हणून झालं. मी इतकं बोलायला नको होतं.

आपलं शेवटचं भांडण तुमच्या चित्रावरून झालं, आणि ते अर्धवट राहिलं. मी नोकरीला लागले होते, मला थोडा आवाज आला होता. मी म्हटलं, काका, तुम्ही हे तिघे कितीतरी वेळा काढलेत आणि दर वेळी पुलाच्या अलीकडे. पूल पुढे आहे, तिघे बोलत उभे आहेत. हसतायत कुठे? चित्राचं नाव तीन हसणारे, आणि तुमचे तर नुसते बोलतायत. ते चुकीचं आहे. तुम्ही कुंचला पाण्यात झाडलात. "त्यांचा पूल अजून आलेला नाही," म्हणालात. मी म्हटलं, समोर तर दिसतोय. तुम्ही कुंचला पुन्हा शाईत बुडवलात. मला वाटलं मी जिंकले.

म्हणून हसले मी गाडीत. रामवाडीचा पूल आला, तुम्ही त्यावर होतात, खुद्द वसंतकाकांच्या मांडीवर, आणि इतक्या वर्षांपूर्वी गिळलेलं ते हसू बाहेर आलं. मला आनंद झाला नव्हता. मला तुमची थट्टा करायची नव्हती. पण मला हेही माहीत आहे की त्या एका क्षणात मी तुमच्यासाठी रडत नव्हते, मी तुमचं चित्र बघत होते. त्याची मला जी लाज वाटते ती सुलभाताईंना कळणार नाही.

तेराव्यानंतर दोनेक दिवसांनी दाराची बेल वाजली. काकू. इतक्या वर्षांत त्या जिना चढून वर कधी आल्या नव्हत्या, मीच खाली जायचे. दम लागला होता. आईने पुढे होऊन काहीतरी म्हणायला सुरुवात केली, त्यांनी हातानेच थांबवलं. "हिला पाठवा जरा खाली. भावजी आलेत. त्या चित्रांचं काय करायचं, आम्हाला दोघांनाही कळत नाही."

वसंतकाका सतरंजीवर बसले होते आणि भोवती तुमचे कागद पसरले होते. पंख्याने उडू नयेत म्हणून त्यांवर वाट्या, चमचे, तुमचा चष्मा ठेवला होता. त्यांना बेडूक, मासा, घोडा कशाचंच नवल वाटलं नव्हतं. ते तिघांचे कागद एकीकडे काढून त्यांच्याकडे बघत होते.

"हे कुठलं भजनी मंडळ?" त्यांनी विचारलं. "सगळीकडे हेच तिघे. ह्याच्या कंपनीतले का?"

मला मनात वाक्य दोनदा म्हणून बघायला वेळ मिळाला नाही. मी सांगायला लागले. माझं मराठी मध्येच मोडत होतं. व्रत शब्द आठवेना, मी 'रूल' म्हणाले. भिक्खू, साधू, कवी. ओढा. पुलापर्यंत पोचवायचं आणि परत. मी पुलाशी आले आणि वसंतकाकांचा चेहरा बघून थांबले. त्यांनी हातातला कागद खाली ठेवला होता.

"पुढे?" ते म्हणाले.

"मग बोलता बोलता ते पूल ओलांडतात. आणि वाघ ओरडतो. आणि मग ते हसतात."

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.  वसंतकाकांनी बोटाने चित्रातला पूल शोधला, मग तिघांना, आणि ते अंतर बोटानेच मोजल्यासारखं केलं.

"म्हणून हसलीस."

"हो." आणि मग इंग्रजीत, व्हायचं तेच झालं, "सॉरी."

त्यांनी गुडघ्यावर हात टेकला. मला वाटलं आता उठतील. "पूल आला ना," ते म्हणाले, "तेव्हा मी मडकं दोन्ही हातांनी धरलं होतं. मनात म्हटलं, दाम्या आता उतरून परत जायचा."

पहिल्यांदा काकूंना हसू आलं. तोंडावर पदर धरला तरी आवाज आला. मग वसंतकाका. त्यांचं हसणं तोंडात नव्हतं, खांद्यांत होतं. मान खाली आणि खांदे वर-खाली, तुमच्यासारखेच. हसता हसता ते म्हणाले, "आईनंच सांगितलं होतं गं. शिकतोय तो, कळवू नका. तिचं तेवढंच ऐकलं मी," आणि नंतर ते हसणं राहिलं नाही, पण खांदे तसेच हलत होते.

मी हसले नाही, काका. गाडीत एकटी हसले आणि इथे, जिथे तिसरं माणूस हवं होतं, तिथे मी गप्प बसून बघत होते. खांदे कसे हलतात, पदरामागे गाल कसा फुगतो, म्हातारा माणूस हसताना गुडघा धरतो. तुम्हाला हसणं काढता येत नव्हतं, ते कसं काढायचं हे मला समोर दिसत होतं. दोन माणसं तुमच्यासाठी रडत होती आणि मी तोंडं पाठ करत होते. त्या रात्री मी काहीच काढलं नाही. कुंचला हातात घ्यायची हिंमत झाली नाही. निघताना काकूंनी सहाण माझ्या हातात ठेवली. म्हणाल्या, ही आता देवाला चालायची नाही, तूच ने.

वसंतकाकांनी एकच कागद नेला, अलीकडच्या तिघांचा. मला विचारलं, कोणता नेऊ. मी म्हटलं, सगळे सारखेच आहेत. ते म्हणाले, असतील, पण ह्यात त्याचा पाय थोडा उचललेला वाटतो. मला वाटत नाही तसं. शाई तिथे जरा फुटली आहे, इतकंच. मी कागद गुंडाळून त्यांच्या हातात दिला.

रविवारी काकू म्हणाल्या, भावजींनी जेवायला बोलावलंय, येशील का बरोबर. मी रिक्षा आणायला निघाले. "रिक्षा नको. चालत जाऊ," त्या म्हणाल्या. नवी चप्पल घातली होती. हातात माळ्यावरचं ते खोकं होतं, सुतळी बांधलेलं. घाटाच्या बाजूने गेलो, तुमच्या रस्त्याने. कठडा दिसायला लागला तशा त्या हळू झाल्या. त्याही तुमच्यामुळे इतकी वर्षं पायी तिकडे गेल्या नव्हत्या, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. व्रत तुमचं एकट्याचं होतं असं मी धरून चालले होते. पुलाच्या तोंडाशी त्यांनी माझा हात धरला, गाडीत सोडलेला तोच.

"बोलत राहा," म्हणाल्या. "काहीही बोल. म्हणजे मला कळायचं नाही."

मी बोलले. ऑफिसमधल्या साहेबाबद्दल बोलले, जो फोनवर उभा राहून बोलतो. सिन्नरच्या मामेभावाबद्दल, ज्याचं पोरगं आता इंग्रजी शाळेत जातं आणि त्याला माझ्यासारखं बोलायला शिकव म्हणून मामी फोन करते. बेडकाचा तिसरा पाय तुम्ही कसा विसरायचात आणि मग काकू ओरडायच्या त्याबद्दल. काकू मधूनमधून "मग?" म्हणत होत्या. अगदी तुमच्या चालीत. मी खाली पाण्याकडे पाहिलं नाही. इतकं बोलणं तुमच्याशी मी एकदाच बोलले, काका, आणि त्यानंतर इतकी वर्षं एका जिन्याच्या अंतरावर तुम्ही होतात.

देवळांशी आल्यावर काकू थांबल्या. खोकं या हातातून त्या हातात घेतलं.

"पूल कधी आला गं?"

"मागे गेला, काकू."

त्यांनी वळून पाहिलं. मी नाही पाहिलं. आता पलीकडे राहिलेल्या त्या टोकाला, कठड्यावर हात ठेवून, तुम्ही उभे दिसाल अशी मला भीती वाटली.